पाच घरांचे शब्द

आमच्या गावातल्या पेंटर चाचांना इंग्रजी येतं, हे मी शाळेत रुजू झाले त्याच आठवड्यात ऐकलं आणि चांगली सहा वर्षं खरं मानून चालले. त्यात मी इंग्रजीची शिक्षिका, म्हणजे हसायचंच झालं तर आधी मला हसा.

पण मानायला कारण होतं. नांदूरघाट ते केज रस्त्यावरच्या निम्म्या पाट्या चाचांच्या हातच्या. शाळेच्या बोलक्या भिंतीवर शब्द रंगवायचे असले की आम्ही त्यांनाच बोलावतो. ते आधी खडूची दोरी मारून रेघा पाडतात, मग चौकोन आखतात. एका अक्षराला एक चौकोन, त्याला ते घर म्हणतात. एकदा मी त्यांना कागदावर इंग्रजीत 'कॉटन' लिहून दिलं, तर भिंतीकडे बघत म्हणाले, "बाई, हितं पाचच घरं बसतेत. कॉटन सहाचं हाय. मोटर टाका, पाचात बसतंय." मी थक्क झाले. कुठल्या शब्दाला किती घरं, कुठलं अक्षर जागा जास्त खातं, सगळं त्यांना तोंडपाठ असायचं. मला बोटांवर मोजावं लागायचं.

यंदा सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर इंग्रजी शब्दांची स्पर्धा घ्यायची, ही कल्पना माझीच. चिठ्ठ्यांतून दोन अक्षरं काढायची. ती दोन्ही असलेले पाच अक्षरांचे शब्द दोन गटांनी आळीपाळीने फळ्यावर लिहायचे. एक गट अडला आणि दुसऱ्याने आणखी एक शब्द बरोबर लिहिला, की दुसरा जिंकला. परीक्षक म्हणून चाचांचं नाव सुचवलं तेही मीच. त्यांची नात आमच्याच शाळेत सातवीला. 'माझ्या नानाला समदं इंग्लिश येतंय' हे ती रोज कुणाला ना कुणाला ऐकवायचीच. परीक्षकाचं नाव कळल्यावर तर तिचे पाय जमिनीवर राहिनात.

आदल्या दिवशी दुपारच्या सुट्टीत चाचा वर्गाच्या दारात येऊन उभे राहिले.

"बाई, माझं नाव काढा."

"का हो चाचा? काय झालं?"

त्यांनी मागे कुणी नाही ना, हे पाहिलं. "मला इंग्लिश वाचता येत न्हाई."

मी हसले. ते हसले नाहीत. मग बाकावर बसून त्यांनी सगळं सांगितलं. गिऱ्हाईक कागदावर लिहून आणतं. अक्षरांची नावं त्यांना येतात, घरं मोजता येतात, कोणत्या दुकानावर कोणता शब्द हे ध्यानात राहतं. त्यापुढे काही नाही. "अर्थ कदी इचारलाच न्हाई, बाई. इचारला असता तर लोकांना कळलं नसतं का?"

मला राग यायला हवा होता, पण आला नाही. न वाचता येणाऱ्या भाषेत हा माणूस उभा जन्म लिहीत आला होता आणि त्याच्या पाटीत कधी एक चूक कुणाला सापडली नव्हती. मी दोन पदव्या घेऊन फळ्यावर चुका करते.

"माझं मरू द्या," ते म्हणाले. "पोरगी काय म्हनंल? ती समद्यांना सांगून बसली हाय."

तेवढ्यासाठीच त्यांचा जीव टांगणीला लागला होता. मी लगेच शहाणपणा केला. म्हटलं, तुम्ही या, मी शेजारीच बसते. शब्द बरोबर असला की एकदा पाय आपटीन, चुकीचा असला की दोनदा. वर्षभर मुलांना कॉपी करू नका म्हणून ओरडणारी बाई एका आजोबांना कॉपी शिकवत होती. चाचा नाइलाजाने हो म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले. पोरं, आयाबाया, पारावरचे पुरुष, सगळं गाव मैदानात जमलं होतं. चिठ्ठ्यांतून ओ आणि टी निघाले. मुलं भराभर लिहू लागली. चाचा प्रत्येक शब्दाकडे बघायचे, माझा पाय वाजला की मान हलवायचे. कुणाला काही कळलं नाही. मला माझंच कौतुक वाटायला लागलं.

शेवटी एक गट अडला. दुसऱ्या गटाकडून नात पुढे आली आणि तिने लिहिलं, रोबोट. हा बरोबर धरला की तिचा गट जिंकणार होता. मी पाय आपटला.

चाचांनी मान हलवली नाही. मी पुन्हा आपटायला गेले आणि मग थांबले, दोनदा म्हणजे चूक.

चाचा उठून उभे राहिले. "ह्यो शब्द बरोबर का चूक, मला ठावं न्हाई. मी ह्यो कंच्याच दुकानावर रंगवल्याला न्हाई. मला इंग्लिश वाचता येत न्हाई. बाईच्या पायावर हो म्हनत हुतो. पन माझ्याच नातीला असं जितवायचं, हे माझ्यानं हुणार न्हाई."

मागून कुणीतरी हसून ओरडलं, "इतकी वर्सं आमाला येड्यात काढलं का बे!" नात मान खाली घालून उभी होती. मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

चाचांनी खडू घेतला. फळ्यावर पाच घरं आखली आणि लिहिलं, हॉटेल. त्याखाली मोटर. फोटो. स्टोअर. पॉइंट. कोर्ट. प्रत्येकात ओ, प्रत्येकात टी, अक्षरं एकसारखी रेखीव. "ह्यो ष्टँडाजवळचा. ह्यो पंचरवाल्याचा. ह्यो वकिलाच्या पाटीवरचा. मला येवढंच येतं."

मग नात फळ्याजवळ गेली. त्यांच्या शेजारी उभं राहून तिने पहिला शब्द मोठ्याने वाचला. मग दुसरा. सहाही वाचून झाल्यावर टाळ्यांची सुरुवात मघाशी ओरडलेल्या त्याच माणसाने केली. रोबोट बरोबर असल्याचं मी जाहीर केलं आणि स्वतःची चूकही कबूल केली. ती ऐकायला कुणी थांबलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात बोलक्या भिंतीवर 'रोबोट' हाच शब्द रंगवायचं ठरलं. चाचांनी दोरी मारली, पाच घरं आखली. भोवती सातवीचा अख्खा वर्ग उभा होता. त्यांनी ब्रश उचलला, पण रंगात बुडवला नाही. नातीकडे वळून, सगळ्यांना ऐकू जाईल असं त्यांनी विचारलं,

"आधी सांग, ह्याचा अर्थ काय?"