एका रिंगचा निरोप

माझ्या अंगात बसणं नाही. बायको म्हणते, तुमच्या खुर्चीत विंचू आहे. त्यामुळे म्हसावदच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याला, एका बाळंतपणाच्या दवाखान्यात व्हीओआयपी गेटवे बसवला आणि डॉक्टर म्हणाले, "आजचा दिवस इथंच थांबा," तेव्हा अगदी जिवावर आलं.

गेटवे म्हणजे वहीएवढी पेटी. जुना टेलिफोन आणि इंटरनेट यांची ती गाठ घालून देते. एका भोकात बाहेरची लाइन, दुसऱ्यात आपला फोन. मग पेटीला नेटवर्कमधला पत्ता द्यायचा, नाव-पासवर्ड टाकून सर्व्हरवर नोंद करायची, कुठला नंबर कुठल्या वाटेनं जाईल ते ठरवायचं आणि सेव्ह करून रीस्टार्ट. बाहेरून येणाऱ्या फोनसाठी मी एक सोय मुद्दाम चालू केली: पहिल्या रिंगला पेटी गप्प राहून नंबर ओळखते, आतला फोन दुसऱ्या रिंगपासून वाजवते. मोबाइलवरून दहादा तपासलं. झकास.

दुपार झाली तरी फोन वाजेना. सिस्टर तीनदा येऊन बघून गेल्या.

"भाऊ, आज एकबी फोन उना नही. तुन्ही पेटी चालू शे ना?"

"चालू शे, सिस्टर," मी तोऱ्यात म्हणालो. पण चैन पडेना. वायर हलवली, पेटीचे दिवे पाहिले, व्हरांड्यात फेऱ्या मारल्या. दारातल्या दवाखान्याच्या जीपमध्ये ड्रायव्हर सकाळपासून रिकामा बसून होता.

तीनच्या सुमाराला एक मोटरसायकल आली. नवरा पुढे, म्हातारी मागे आणि मध्ये धरलेली कळा देणारी बाई. तिला आत नेलं. नवऱ्यानं मोबाइल माझ्यापुढे धरला. सकाळपासून दवाखान्याला पाच फोन केलेले होते. त्यानं एक बोट वर करून दाखवलं. त्यानं दरवेळी एकच रिंग दिली होती आणि ती माझी पेटी गिळत होती.

तासाभरानं सिस्टर बाहेर आल्या. "माय नि पोर, दोन्ही बरा शेतस."

माझा जीव भांड्यात पडला. पण पडलो तरी नाक वर. म्हणालो, "यानं जरा वाजू द्यायचा होता की! मिस्कॉलवर कसलं भागवतो?"

सिस्टर म्हणाल्या, "त्याले मराठी येस नही, अहिराणी बी नही. फोनवर काय बोलाव शे तो? एक रिंग उनी का मी नंबर देखस, कोणता पाडा ते समजस, नि जीप धाडस."

मला लाज वाटली. मी बाहेरची लाइन पेटीतून उपसून थेट जुन्या फोनला जोडली आणि नवऱ्याला खुणेनं म्हटलं, लाव.

त्यानं लावला. फोन एकदा वाजला, त्यानं कापला. ती रिंग ऐकून बाहेर, कुणी काही न सांगता, ड्रायव्हरनं जीप सुरू केली.

सकाळी न आलेली ती जीप सुरू झालेली बघून नवरा भिंतीला टेकून खाली बसला आणि रडायला लागला.