खड्ड्यातला बाक

माझ्या पहिल्या अमेरिकन बॉसची फुफ्फुसं निकामी होत चालली होती. फेब्रुवारीत डॉक्टरांनी सांगितलं की तो उन्हाळा काही बघणार नाही. मी मिशिगनमधल्या ट्रॉयमध्ये त्याच्या घरी बसलो होतो. नाकातली ऑक्सिजनची नळी सारखी करत तो म्हणाला, "मला एकदा स्नो गीजच्या शिकारीला जायचंय. या वसंतात. तू जमव."

स्नो गीज म्हणजे पंखांची टोकं काळी असलेले पांढरे रानहंस. हिवाळा संपला की ते थव्यांनी उत्तरेकडे परततात. तरुणपणी तो दरवर्षी जायचा. मी नागपूरचा, आमच्या घरात अंडंसुद्धा शिजायचं नाही. बंदूक कधी हातात धरलेली नव्हती. पण नव्या नोकरीत पहिल्याच हिवाळ्यात माझी गाडी बर्फावरून घसरून नाल्यात गेली, तेव्हा हा माणूस ऑफिस सोडून दोर घेऊन आला होता. मी हो म्हणून टाकलं.

दुसऱ्या दिवसापासून मी लंच ब्रेकमध्ये पार्किंगमध्ये बसून मिसूरी राज्यातल्या, शिकारीला नेणाऱ्या गाइडना फोन करू लागलो. सगळ्यांचा एकच प्रश्न, "शेतात उताणं झोपता येईल का?" शिकारी पांढऱ्या चादरी घेऊन नकली पक्ष्यांमध्ये तासन् तास पडून राहतात. तो तर दोन उशांशिवाय पलंगावरही पडू शकत नव्हता. सहा जणांनी नाही म्हटलं. सातव्याकडे जमिनीत पुरलेला एक लाकडी खोका होता, आत बसायला बाक.

"पण ऑक्सिजन आणि बंदूक एका जागी नको," तो गाइड म्हणाला. "गोळी झाडायच्या आधी मशीन बंद करून लांब ठेवावं लागेल. नळीशिवाय किती वेळ राहील?"

मी बॉसच्या घरी येणाऱ्या नर्सला विचारलं. "शांत बसून असेल तर काही मिनिटं," ती म्हणाली. "पण तो शांत बसेल का?"

मार्चच्या दुसऱ्या आठवड्याचं बुकिंग केलं. आणि मग हवा गरम झाली. मिशिगनमध्ये लोक टी-शर्टवर फिरायला लागले, आणि मला त्या उन्हाचा संताप यायचा, पक्षी लवकर निघून जातील म्हणून. रोज सकाळी मी गाइडला फोन करायचो.

"अजून आहेत," तो सांगायचा. मग एके दिवशी म्हणाला, "निघायला लागलेत. यायचं तर परवा या."

बॉसची मुलगी माझ्यावर तुटून पडली. "बारा तासांचा प्रवास? वाटेत त्यांना काही झालं तर तुम्ही काय करणार?"

"माहीत नाही," मी म्हणालो. खरंच माहीत नव्हतं. "पण मी नेलं नाही तर ते मला विचारत राहतील. तुलाही."

ती रडली. मग स्वतःच जादा सिलिंडर मागवायला फोनवर बसली.

दोन दिवसांनी पहाटे मी आणि गाइडने बॉसला दोन्ही बाजूंनी धरून त्या खोक्यात उतरवलं. बाहेर शेकडो नकली पक्षी, स्पीकरवर हंसांचा कर्कश कलकलाट. उजाडलं तसे खरे थवे आले. एकावर एक, न संपणारे. पण इतके उंच की मिठाचे कण वाटावेत. एकही खाली उतरला नाही. त्याने नळी काढली, मी मशीन बंद करून लांब ठेवलं, मग तो बंदूक उचलून वर बघत राहिला. ओठ निळे पडले, तरी खाली ठेवेना. शेवटी मीच बंदूक काढून गाइडकडे दिली, मशीन ओढून आणलं आणि नळी लावली.

त्याला समाधान वगैरे काही वाटलं नाही. तो चिडला होता. "तो स्पीकर बंद करा," एवढंच म्हणाला.

परतताना इलिनॉयमध्ये पेट्रोल भरायला थांबलो. तो जागा झाला आणि म्हणाला, "आता ते पक्षी वर साउथ डकोटात असतील. गाइडला फोन लाव."

त्याला धड बोलता येत नव्हतं. मी काय करायला हवं होतं? गाडीबाहेर वाऱ्यात उभा राहून मी फोन लावला. गाइडचा मुक्कामही आता तिकडेच हलणार होता. पुढच्या आठवड्यातला शनिवार ठरला. खिडकीची काच खाली करून तो मला विचारत होता, "बसायला बाक आहे ना? विचार त्याला."

"आहे म्हणतोय," मी सांगितलं. गाइड तसं काही म्हणाला नव्हता.

त्या शनिवारच्या आधीच, गुरुवारी सकाळी बॉसच्या मुलीचा फोन आला. ती फक्त "गेले" म्हणाली. दुपारी मी गाइडला कळवलं. त्याच्यामागून तोच कलकलाट ऐकू येत होता, या वेळी स्पीकरचा नसावा.

"पक्षी आहेत का तिथे?" मी विचारलं.

"आहेत," तो म्हणाला. "कालपासून खाली उतरतायत."