फाउस्तिनाचा हात

पाचाचाका नदीच्या आमच्या काठावर गाईच्या घशात काही अडकलं, की लोक जनावरांच्या डॉक्टरकडे जात नसत, फाउस्तिना आयकिपाकडे जात. तिचा हात लहान मुलीसारखा अरुंद होता आणि बोटं लांब. गाईच्या जबड्यात लाकडी ठोकळा बसवायचा, स्वतःच्या हाताला कोपरापर्यंत डुकराची चरबी चोपडायची आणि हात सरळ घशात घालायचा. बटाटा, मक्याचं कणीस, निवडुंगाचं बोंड, जे असेल ते ती ओढून काढी. मोबदला म्हणून चीजचा तुकडा आणि घोटभर मक्याची दारू घेई. गाईला मात्र शिव्या घाली, "हावरट मेली! चावून खायला नवऱ्यानं मनाई केलीय का?"

तिचा स्वतःचा नवरा तरुणपणीच वारला होता. याच हातावर तिनं मुलगी विल्मा वाढवली. विल्माचा हातही तसाच अरुंद निघाला, याचा तिला अभिमान होता.

रक्त पिणारी वटवाघळं पूर्वी नदीच्या खालच्या, गरम भागात असत. तिथल्या लोकांनी एका बंद खाणीत जुने टायर आणि मिरच्या जाळून त्यांना धुरी दिली. काही मेली. उरलेली पांगली आणि नवा आसरा शोधत आमच्याकडे वर आली. मग सकाळी गाईंच्या मानेवर रक्ताचे सुकलेले ओघळ दिसू लागले. बायका ते राखेनं पुसत आणि धारेला बसत. आरोग्य केंद्राची गाडी भोंग्यावरून सांगत फिरली की वटवाघूळ चावलं तर लगेच या, इंजेक्शनं फुकट आहेत. लोकांनी ते ऐकलं. ज्याला चावलं तो केंद्रात जाऊन टोचून आला.

मक्याची काढणी झाल्यावर क्लेतोची तांबडी गाय लाळ गाळू लागली. पाणी गिळेना, मान ताणून घोगरं हंबरायची.

"मावशी, कणीस अडकलंय," म्हणत क्लेतो धावत आला.

फाउस्तिनानं पार आतपर्यंत हात घातला. काहीच सापडलं नाही. हात बाहेर काढताना गाईचा दात लागून बोटांची सालं निघाली.

"आत काही नाही रे. तुझ्या सासूला गिळलं असेल हिनं!"

दुसऱ्या दिवशी गाईचे मागचे पाय गेले. मरण्याआधीच क्लेतोनं तिला कापली. मांस वाटलं, डोक्याचं सूप केलं. तपासायला काही उरलं नाही.

मी गावच्या दूध संघात हिशेब पाहतो. दूध घालायला आलेल्यांकडून हे कळलं, तसा मी तिच्या घरी गेलो.

"मावशी, आरोग्य केंद्रात चला. क्लेतोच्या गाईला वटवाघळं चावलेली होती."

"गाईला. मला नाही ना?" तिनं बाह्या वर केल्या. "शोध बघू, कुठे चावलंय ते!"

"गाईचा दात तर लागलाय."

"गाईचा दात लागून मरायचं असतं, तर मी कधीच मेले असते. तू आकडे मांड, हिशेबनीस. घशातलं मला कळतं."

मी केंद्रातल्या नर्सला सांगितलं. ती बिचारी चढण चढून आली, तोवर फाउस्तिना मेंढ्या घेऊन वरच्या कुरणावर गेली होती. निरोप धाडला, तर उलटा निरोप आला, "सुई टोचायची तर क्लेतोला टोचा, गाय त्यानं खाल्लीय."

बटाटे काढायच्या वेळी ती परतली, ती हात चोळतच. हाताला मुंग्या येतात म्हणाली. वर थंडी बाधली असेल, असं विल्माला वाटलं. मग एका सकाळी विल्माचा निरोप आला की आई काही गिळत नाही, दुधाची गाडी घेऊन या.

मी पोचलो तेव्हा फाउस्तिना मातीच्या भिंतीला टेकून बसली होती. मान ताणलेली, हनुवटीवरून लाळ गळत होती. समोर पाण्याचा वाडगा तसाच भरलेला. घोगऱ्या आवाजात ती लेकीला म्हणत होती, "अडकलंय गं. काढ."

विल्मानं कोपरापर्यंत चरबी चोपडली होती. मी तिचं मनगट धरलं.

"सोडा! माझी आई आहे ती!"

"हात घालू नकोस. त्या गाईतही काही नव्हतं."

"मग कोण काढणार? तुम्ही?"

फाउस्तिना आमच्या झटापटीकडे बघत होती. तिची नजर लेकीच्या चकाकणाऱ्या हातावर गेली आणि तिथेच थांबली. मग तिनं तोंड मिटलं, दात आवळले आणि भिंतीकडे वळली. गाडीत घालून शहरातल्या इस्पितळात नेईपर्यंत तिनं ते उघडलं नाही. वाटेत पाणीही मागितलं नाही.

तिथेच ती गेली. हा रेबीज, एकदा मुंग्या आल्यावर त्याला उपाय नसतो, असं डॉक्टर म्हणाले. आईची लाळ पुसत होती म्हणून विल्माला सगळी इंजेक्शनं दिली.

आता लोक विल्माला बोलावतात. ती दारातूनच विचारते, गाय पाणी पिते का? पीत नसेल, तर ती येत नाही. त्यातल्या काही गाईंच्या घशात खरंच कणीस अडकलेलं असतं. त्या मरतात.