अठराशे तीनचा रंग

“हा सगळा भाग एका दिवसात कसा रंगला?” लोरेनबाईंनी व्हिडिओ कॉलवरून विचारलं, आणि मीटिंग रूममधले आम्ही तिघं स्क्रीनवरच्या नकाशाकडे बघू लागलो.

सकाळचे साडेआठ वाजले होते. सिंगापुरात हार्बरफ्रंटच्या आमच्या ऑफिसात सगळ्यांच्या हातात अजून कॉफीचे कप होते. तिकडे अमेरिकेत, ओक्लाहोमात, आदल्या दिवशीची संध्याकाळ होती. लोरेनबाई म्हणजे ओसेज या मूळ अमेरिकन समाजातल्या, इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या शिक्षिका. आमचा नकाशा तपासायला क्लायंटनेच, म्हणजे शालेय पुस्तकांच्या अमेरिकन प्रकाशकाने, त्यांना नेमलं होतं. आमच्या बाजूला मी, माझ्या हाताखालची मॅप एडिटर अनघा आणि आमचा बॉस एड्विन.

मी नकाशे करतो. आधी पुण्यात करत होतो, गेली बावीस वर्षं सिंगापुरात करतो. हे ऐकलं की लोकांना वाटतं, मी डोंगरमाथ्यावर दुर्बीण लावून उभा राहतो. मी खुर्चीत बसतो. पाठ दुखते.

या वेळचं काम होतं अमेरिकन शाळांसाठी. स्क्रीनवर अमेरिकेचा नकाशा आणि खाली वर्षांची पट्टी. मुलांनी बोटाने पट्टी सरकवायची, की देश पश्चिमेकडे वाढत जातो. अठराशे तीनला फ्रान्सकडून लुइझियाना विकत घेतलं, म्हणजे मिसिसिपी नदीपासून रॉकी पर्वतांपर्यंतचा अफाट पट्टा. देश एका फटक्यात दुप्पट. पुढे स्पेनकडून फ्लोरिडा. नैऋत्येचा मोठा तुकडा मेक्सिकोशी लढून. मग रेल्वेसाठी मेक्सिकोकडूनच आणखी एक पट्टी विकत, आणि शेवटी रशियाकडून अलास्का. प्रत्येक खरेदीला नवा रंग. अठराशे तीनला मी फिकट केशरी दिला होता. छान दिसत होता. पहिली आवृत्ती मी तीन आठवड्यांत उभी केली होती आणि स्वतःवर खूश होतो.

“करार त्या वर्षी झाला, मॅडम,” मी म्हणालो. “म्हणून त्या वर्षी रंग बदलतो.”

“करार झाला फ्रान्सशी,” त्या म्हणाल्या. आवाज अगदी शांत. “फ्रान्सचे तिथे थोडे किल्ले होते आणि खाली न्यू ऑर्लिन्स शहर. बाकी आमच्याकडे त्यांचे व्यापारी यायचे. बंदुका, कापड, भांडी द्यायचे आणि कातडी घेऊन जायचे. तुमच्या घरी दुकानदार सामान द्यायला येतो. म्हणून तो तुमचं घर विकू शकतो का?”

एड्विनने घड्याळाकडे पाहिलं. अनघाने वही उघडली.

त्या दिवशी लोरेनबाईंनी तासभर शिकवलं. अमेरिकेने विकत घेतली ती जमीन नव्हती, तिच्यावरचा हक्क सांगण्याची मुभा होती. यापुढे इथल्या लोकांकडून जमीन घ्यायची झाली तर ती आम्हीच घेणार, दुसऱ्या कोणी युरोपियनने मध्ये यायचं नाही, एवढाच त्या कागदाचा अर्थ. खरी जमीन नंतर घेतली गेली, एकेका समाजाशी एकेक तह करून, कधी धाक दाखवून, कधी उपासमारीचा फायदा घेऊन. त्यात कित्येक दशकं गेली. पूर्वेकडच्या समाजांना हाकलायचं ठरलं तेव्हा त्यांना ढकलायला हीच नवी ‘रिकामी’ जागा कामी आली. मालक बदलल्याचं पत्र आलं तेव्हा ओसेज लोकांपैकी काहींनी ते जाळून टाकलं होतं. त्यांचा विश्वासच बसला नाही.

“आणि शेवटी,” त्या म्हणाल्या, “आमच्या लोकांनी आत्ताची ही जागा स्वतःच्या पैशांनी विकत घेतली. जी पूर्वी आमचीच होती.”

कॉल संपला. एड्विन त्याच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाला, “व्हेरी सॅड, लाह. बट मॅप इज मॅप.” आणि पुढच्या मीटिंगला गेला.

अनघा उठली नाही.

ती मूळची साताऱ्याची. पुण्यात शिकली, चार वर्षांपूर्वी इथे आली. नवरा निखिल तिच्या पासवर, म्हणजे इथल्या कामाच्या परवान्यावर, डिपेंडंट म्हणून आलेला. त्याला इथे मनासारखी नोकरी मिळत नव्हती. चार वर्षांची मुलगी सेंगकांगमध्ये घराजवळच्या प्रीस्कूलला जायची. म्हणजे तिघांचं इथलं राहणं एका एम्प्लॉयमेंट पासवर होतं आणि तो पास अनघाच्या नोकरीवर. पास दोन महिन्यांत संपत होता. कंपनीने नूतनीकरणासाठी अर्ज केला तर ठीक, नाहीतर गाशा गुंडाळायचा. आणि एड्विनने मला केबिनमध्ये बोलावून स्पष्ट सांगितलं होतं, हे काम वेळेत गेलं तर टीम राहील, क्लायंट हातचा गेला तर सगळ्यात नवीन माणूस आधी जाईल. सगळ्यात नवीन अनघाच होती. हे मी तिला सांगितलंही होतं. तिने मान हलवली होती.

दहा दिवसांनी तिने मला तिचं काम दाखवलं.

इथे थोडं आमच्या धंद्यातलं सांगतो. नकाशा हा एकच कागद नसतो. काचेच्या तावदानांवर वेगवेगळं काढून ती एकावर एक ठेवावीत तसा असतो. एका तावदानावर नद्या, एकावर सीमा, एकावर नावं. त्याला आम्ही लेअर म्हणतो. हवा तो लेअर चालू ठेवायचा, नको तो बंद करायचा. भाग पूर्ण रंगवला तर ते फिल. नुसत्या तिरक्या रेघा मारल्या तर हॅच. फिल म्हणजे ‘हे यांचं आहे’. हॅच म्हणजे ‘यांचं असं हे म्हणतात’.

अनघाने अठराशे तीनचा केशरी काढून टाकला होता. त्या जागी बारीक तिरक्या रेघा होत्या आणि त्यांच्याखाली एक नवा लेअर. त्यात तिथे राहणाऱ्या लोकांची नावं. ओसेज, पॉनी, लकोटा, मँडन, कितीतरी. सीमा कुठेही ठळक नव्हत्या, एकमेकांत मिसळलेल्या होत्या, कारण त्या तशाच होत्या. आता पट्टी सरकवली की वर्षागणिक, तहागणिक, एकेक छोटा तुकडा केशरी होत जायचा आणि त्याच्याखालचं नाव पुसट होत सरकायचं. पूर्वी एका क्लिकमध्ये जे उरकायचं त्याला आता ऐंशीएक वर्षं लागत होती.

मी पट्टी शेवटपर्यंत नेली. ओसेज हे नाव मिसूरीतून कॅन्ससमध्ये आलं, तिथून ओक्लाहोमात आलं आणि लहानशा चौकटीत बसलं. मी तीस-पस्तीस वर्षं नकाशे करतोय. पट्टी मागे नेऊन पुन्हा पहिल्यापासून सरकवली, असं पहिल्यांदाच झालं.

“झकास झालंय,” मी म्हणालो. ते खरं होतं.

लोरेनबाईंना तिने ते कॉलवर दाखवलं. त्यांनी एकेक नाव मोठ्याने वाचलं. मग एवढंच म्हणाल्या, “माझी नात शाळेत हे बघेल. चालेल.”

क्लायंटला मात्र ते चाललं नाही. त्यांची एडिटर सभ्य बाई होती, मेलही सभ्य होता. मुलं गोंधळतील. खरेदी ही एकच घटना आहे, ती एकाच रंगात दिसावी. काही राज्यांतल्या शाळा हरकत घेतील. बाकी माहिती अतिशय मोलाची आहे, ती आपण फेज टूमध्ये घेऊ.

फेज टू म्हणजे काय ते सांगतो. आमच्या धंद्यात ‘नाही’ म्हणायला लाज वाटते तेव्हा ‘फेज टू’ म्हणतात. माझ्या उभ्या कारकिर्दीत मी एकही फेज टू पाहिलेला नाही.

“कॅन ऑर कॅनॉट?” एड्विनने विचारलं. “शुक्रवारी दुपारी बारा. एक रंग. नाहीतर ते काम दुसरीकडे नेतील.”

“अनघाशी बोलतो,” मी म्हणालो.

बोललो. गुरुवारी दुपारी, खाली हॉकर सेंटरमध्ये जेवताना.

“सर, मी लेअर बंद नाही करणार,” ती म्हणाली.

“अगं, लेअर डिलीट नाही होत. फाइलमध्येच राहतो. फक्त दिसत नाही.”

“तेच ना. फक्त दिसत नाही.” तिने चमचा खाली ठेवला. “मला त्यांच्याशी बोलू द्या एकदा. कॉल लावा. रेघा ठेवू, नावं थोडी कमी करू. काहीतरी मधलं निघेल.”

“आणि नाही निघालं तर? तुझ्या पासचं काय?”

“माझं मी बघते ना, सर.”

मी बरं म्हणालो. कॉल मात्र लावला नाही.

शुक्रवारी सकाळी तिचा मेसेज आला. मुलीला ताप आलाय, क्लिनिकला नेतेय, दुपारपर्यंत येते, तोवर काही पाठवू नका. मी तो वाचला. साडेदहा झाले होते. काचेतून समोर बाटाम बेटाकडे निघालेली फेरीबोट दिसत होती आणि एड्विन दोनदा माझ्या टेबलाजवळून जाऊन आला होता.

मी अनघाची फाइल उघडली. टीम लीड म्हणून मला सगळ्या फाइल्स उघडता येतात. नावांच्या लेअरपुढची खूण काढली, नावं गेली. हॅच काढून फिल टाकला, फिकट केशरी. अठराशे तीनवर क्लिक केलं आणि मिसिसिपीपासून रॉकीपर्यंत सगळं एका क्षणात भरून गेलं. साइन-ऑफच्या फॉर्मवर, म्हणजे ‘हे तपासून पाठवलं’ या कागदावर, माझं नाव घातलं. पाऊण तासात बिल्ड, म्हणजे तयार नकाशा, क्लायंटकडे गेलं.

तिला फोन करायला मिनिट लागलं असतं. तो मी केला नाही, कारण ती काय म्हणेल ते मला माहीत होतं. खरं कारण तेवढंच होतं. बाकी कारणं मी नंतर जमवली. ती तरुण आहे, भावनेच्या भरात आहे, घर आहे, लेकरू आजारी आहे, कोणीतरी मोठ्या माणसाने वाईटपणा घ्यायला हवा. ही कारणं इतकी चांगली होती की संध्याकाळी बेडोकला घरी पोचेपर्यंत मला स्वतःचं कौतुक वाटायला लागलं होतं.

जेवताना बायकोला सांगितलं. “वाचवली पोरीची नोकरी,” मी म्हणालो.

“विचारलंत तिला?” उषाने विचारलं.

मी आमटी वाढून घेतली.

सोमवारी अनघा माझ्या आधी आली होती. तिच्या स्क्रीनवर पाठवलेला नकाशा होता. ती चिडेल, रडेल, आवाज चढवेल, अशी माझी तयारी होती. त्यातलं तिने काहीच केलं नाही.

“मला फोन का नाही केलात?”

“तू क्लिनिकमध्ये होतीस.”

“तिथे फोन चालतो, सर.”

“अनघा, मी तुझ्यासाठीच केलं हे. पास गेला असता. मुलीची शाळा, निखिलचं...”

“निखिलशी माझं बोलणं झालं होतं,” ती म्हणाली. “गुरुवारी रात्रीच आमचं ठरलं. नाहीच जमलं तर परत जायचं. पुण्यात त्याला काम मिळत होतं. आम्ही तयार होतो.” ती थांबली. “माझं मी बघते म्हणाले होते ना तुम्हाला?”

ती माझ्याकडे बघत होती आणि मला मात्र तिच्या कीबोर्डकडे बघावं लागत होतं. ज्या गोष्टीची किंमत मोजायची तयारी तिने घरी बसून, नवऱ्याशी बोलून केली होती, ती गोष्ट मी पाऊण तासात परस्पर विकून मोकळा झालो होतो. आणि वर तिच्यावर उपकार केले म्हणून घरी सांगितलंही होतं.

“आता कळवू त्यांना,” मी म्हणालो. “म्हणू की चूक झाली.”

“शाळांना गेलंय ते,” ती म्हणाली आणि पुढची फाइल उघडली.

लोरेनबाईंचा मेल आठवड्याने आला. दोनच ओळी. सल्लागार म्हणून छापलेलं त्यांचं नाव काढून टाकावं. अनघाला त्यांचे आशीर्वाद सांगावेत. तो निरोप मी अनघाला दिला. ती “हो” म्हणाली.

बाकी सगळं ठरल्याप्रमाणे झालं. क्लायंट खूश झाला. एड्विनने टीमला चिली क्रॅब खायला नेलं. अनघाच्या पासचं नूतनीकरण झालं, दोन वर्षांसाठी. मुलगी त्याच शाळेत आहे. निखिललाही नंतर इथेच नोकरी लागली. कोणी म्हणेल, मग बिघडलं काय? एड्विन तसंच म्हणतो.

फेज टू अर्थातच आला नाही.

याला आता दीड वर्ष होईल. अनघा अजून माझ्या शेजारच्या टेबलावर बसते. काम चोख करते. वेळेत येते, वेळेत जाते. माझ्याशी कधी वाद घालत नाही, क्लायंटशी बोलू द्या असं म्हणत नाही. मी दाखवीन तो रंग भरते. गेल्या महिन्यात एका दुसऱ्या देशाच्या नकाशात डोंगराळ भागातल्या काही वस्त्यांच्या नावांचा प्रश्न आला. नावं ठेवायची की नाही, क्लायंटने अजून काही कळवलं नव्हतं. मी मुद्दाम तिला विचारलं, तुझं काय मत आहे. या वेळी तरी आधी विचारावं, असं मनात होतं.

“तो लेअर मी सकाळीच बंद केलाय, सर,” ती म्हणाली. “नाहीतरी ते तेच सांगतील.”

मी तिला लेअर चालू करायला सांगितलं. तिने चालू केला. तिच्यासाठी ती आणखी एक सूचना होती, बाकी काही नाही.

नव्या मुलांना मी हल्ली एक गोष्ट सांगतो. एखाद्याच्या भल्यासाठी म्हणून काही करायला निघालात, तर आधी त्याला फोन करा. तो नाही म्हणेल याची खात्री असेल, तर नक्कीच करा. मुलं मान हलवतात आणि विचारतात, हे कुठे लिहून ठेवायचं, साइन-ऑफच्या फॉर्ममध्ये त्यासाठी रकाना आहे का. नाही, तसा रकाना नाही.