हेडविग कोस्लिकच्या हातचं

सोमवारी वाटाणे. वाफवून, एकेक दाणा चिमटीत दाबून साल काढायचं, नाहीतर सालं टाकीच्या तळाशी कुजतात. मंगळवारी झुकिनीच्या चकत्या, बुडून राहाव्यात म्हणून काट्याला टोचलेल्या. बुधवारी शिंपल्यांतलं मांस, बारीक चिरून. गुरुवारी रेल्वेच्या बांधावरून खुडून आणलेला आग्या पाला. तो हातमोज्यांशिवाय खुडायचा, कारण मोज्यांचा वास पाल्याला लागतो असं आल्फोन्सचं म्हणणं. संध्याकाळपर्यंत हेडविगची बोटं टरारून सुजलेली असायची. शुक्रवारी कोलंबी. शनिवारी बागेतली गांडुळं, एक दिवस ओल्या शेवाळात ठेवून पोट साफ झालेली. रविवारी उपास. "आज त्यांची प्रार्थना," आल्फोन्स म्हणायचा आणि स्वतःच हसायचा.

त्यातही टाकीटाकीचं पथ्य वेगळं. पाला आणि लाकूड खाणाऱ्या माशांच्या टाकीत मांसाचा कणसुद्धा पडता कामा नये. घातलं तर ते अधाशासारखे खातात, पण त्यांच्या आतड्यांना ते झेपत नाही. पोट नगाऱ्यासारखं फुगतं आणि मासा मरतो. हेडविगला हे सगळं तोंडपाठ होतं. जर्मनीत वान्ने गावातल्या खाणकामगारांच्या वसाहतीत, अगदी टोकाच्या घराच्या तळघरात अकरा टाक्या होत्या आणि त्यांत त्रेचाळीस कॅटफिश. काही बोटाएवढे, काही कोपरापर्यंत येतील एवढे, सगळ्यांच्या तोंडाशी मिशा. मासे तिच्या भावाचे होते. राबणारे हात तिचे होते.

आल्फोन्स कोस्लिक खाणीत मुकादम होता. जमिनीखाली दीडशे माणसं त्याच्या आवाजानं चळचळा कापायची. पन्नाशीत छातीत धूळ साठली म्हणून खाणीनं त्याला घरी बसवलं. आवाज तेवढाच राहिला, ऐकायला एक बहीण उरली. बायको रेनाटे तीन वर्षं नांदून केव्हाच निघून गेली होती. हेडविग त्याच्याहून सहा वर्षांनी लहान. सतराव्या वर्षी ती परिचारिकेचं शिक्षण घ्यायला म्युन्स्टरला निघाली होती, बॅग भरून झाली होती. त्याच आठवड्यात आई अंथरुणाला खिळली. आल्फोन्सनं बॅगेतले कपडे स्वतः बाहेर काढले आणि परत कपाटात लावले. घड्या अगदी नीट घातल्या होत्या त्यानं. पुढे आयुष्यभर हेडविगला त्या घड्याच आठवत राहिल्या.

आई गेली तेव्हा ती छत्तीस वर्षांची होती. मग कुठे जाणार?

महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी दुपारी तळघरात मत्स्यमंडळाची बैठक भरायची. दहा-बारा माणसं, बियर, धूर. हेडविग पाव आणि सॉसेजची ताटं घेऊन खाली यायची. आल्फोन्स एकेका टाकीपुढे उभा राहून कोणता मासा कुठल्या नदीतला, कुणी किती अंडी घातली, हे सांगायचा आणि शेवटी तिच्याकडे बोट दाखवायचा.

"आणि ही आमच्याकडची सगळ्यात जुनी. घालाल ते खाते, पण पिल्लू एक दिलं नाही."

माणसं खो खो हसायची. खजिनदार ब्रोमकाम्प तर दर महिन्याला पहिल्यांदाच ऐकल्यासारखी मांडीवर थाप मारायचा. हेडविग रिकाम्या बाटल्या गोळा करून वर जायची.

शहाऐंशीच्या वसंतात मंडळात टेमे आला. ट्राम चालवायचा, बायको दोन वर्षांपूर्वी गेलेली, कान मोठे आणि स्वभाव भिडस्त. एका बैठकीत पाणी मागायच्या निमित्तानं तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला.

"बाई, एक विचारू? खाली विचारायची लाज वाटते. माझे मासे मरतायत."

"काय घालता त्यांना?"

"दुकानातल्या गोळ्या. रोज, न चुकता."

"रोज त्याच?"

"डब्यावर लिहिलंय, संपूर्ण आहार म्हणून."

"डब्यावर काय, काहीही लिहितील. पोटं आत गेलीत का?"

"पार खपाटीला."

"मग वर पोहणारे मासेच गोळ्या मटकावत असणार. दिवा मालवून घालत जा. काकडी द्या, वाटाणे द्या, आठवड्यातून एकदा गांडूळ. आणि लाकडाचा एक तुकडा सोडा आत, कुरतडायला. तुम्ही तरी रोज एकच खाता का?"

"बायको गेल्यापासून ना?" टेमे म्हणाला. "हो. बटाटे."

हेडविगला हसू फुटलं. आपल्याला असं मोठ्यानं हसता येतं हे तीच विसरली होती.

पुढच्या महिन्यात तो आला तेव्हा त्याचे मासे बाळसं धरत होते. कागदात गुंडाळलेला धुरावलेल्या ईल माशाचा तुकडा त्यानं ओट्यावर ठेवला. "डॉक्टरीणबाईंची फी," म्हणाला आणि कानापर्यंत लाल झाला. तिनं तो जिन्यात बसून हातानं खाल्ला आणि बोटं चाटली. मग कधी पीच, कधी मनुकांचा पाव. ऑगस्टमध्ये त्यानं विचारलं, क्रांगेच्या जत्रेला याल का. साखरेत भाजलेले बदाम मिळतात, मोठा पाळणा असतो, पण चक्कर येत असेल तर नको.

"मला नाही येत चक्कर," हेडविग म्हणाली. पाळण्यात ती जन्मात कधी बसली नव्हती.

भावाला तिनं जेवताना सांगितलं. आल्फोन्सनं चमचा खाली ठेवला, तोंड पुसलं. "जा की. टेमे चांगला माणूस आहे."

इतक्या सहज हो म्हटल्यावर तिला उगाच वाटलं, आपणच त्याला इतकी वर्षं वाईट समजत आलो. शनिवारी तिनं निळ्या झग्याला इस्त्री केली आणि दोन वाजता दिवाणखान्यात, पर्स मांडीवर घेऊन बसली. तीन वाजले. चार वाजले. पाचच्या सुमाराला आल्फोन्सनं दारातून आत डोकावलं.

"गांडुळं राहिलीत, हेडे."

टेमे परत आला नाही. त्यानं शेजारच्या गावातलं मंडळ धरलं असं कळलं. आपल्यात काय खोट दिसली असेल याचा हेडविग वर्षभर विचार करत राहिली. दात, वय, की ते मोठ्यानं हसणं?

पुढच्या उन्हाळ्यात एकदा खाटकाच्या दुकानात खजिनदाराची बायको गिझेला ब्रोमकाम्प तिला भेटली. दुकानात आणखी चारजणी होत्या. गिझेलानं तिच्या दंडाला हात लावला.

"एक विचारते हं, हेडविग, राग मानू नकोस. आता बरी असतेस ना? आमचे हे म्हणत होते, आल्फोन्सनं त्या बिचाऱ्या टेमेला वेळीच सावध केलं ते बरं झालं. तुझी ती वेड्यांच्या इस्पितळातली दोन वर्षं... आणि घरात सुऱ्या कुलपात ठेवाव्या लागतात ते. कसं निभावतो गं तो?"

हेडविग उभ्या आयुष्यात एकदाच घराबाहेर राहिली होती, सहा आठवडे, डोंगरातल्या आरोग्यधामात, खोकल्यासाठी. तिनं आजूबाजूला पाहिलं. कुणालाच नवल वाटलं नव्हतं. खाटकानं मात्र ओट्यावरची सुरी उचलून हळूच आपल्या बाजूला ठेवली.

"बरी असते, गिझेला," ती म्हणाली, आणि सुपासाठी हाडं मागितली.

घरी आल्यावर तिनं आल्फोन्ससाठी सूप केलं, वाढलं.

सप्टेंबरात डॉक्टरांनी आल्फोन्सला छातीसाठी समुद्रातल्या एका बेटावर चार आठवडे हवापालटाला पाठवलं. तो परतला की जिल्हा संघाची माणसं त्याचे लाकूड खाणारे मोठे मासे बघायला येणार होती. तसल्या माशांची पिल्लं त्या भागात आजवर कुणाच्या टाकीत झाली नव्हती. निघताना त्यानं तळघराच्या भिंतीवर खाण्याचा तक्ता चिकटवला.

"मला पाठ आहे," हेडविग म्हणाली.

"तुझ्या डोक्यावर मी नाही विसंबत. एक जरी मेला ना, हेडे, तर बघ."

दुसऱ्या दिवशी तिनं खाटकाकडून बैलाचं अख्खं हृदय आणलं, चरबीसकट बारीक चिरलं आणि अकराच्या अकरा टाक्यांत घातलं. एरवी दिवसा लाकडाखाली दडून बसणारे मासे उजेडात बाहेर आले. पाला खाणारे तर तुटून पडले. त्यांना आजवर असं काही मिळालंच नव्हतं. पुढच्या दिवशी हृदय. तिसऱ्या दिवशी हृदय. बुधवारी मासळीवाल्यानं नेहमीसारखे शिंपले आणून दिले, ते तिनं लोण्यात परतले आणि टेबलावर पांढरी चादर घालून एकटीनं खाल्ले.

नवव्या दिवशी पोटं टम्म दिसायला लागली. बाराव्या दिवशी पहिला मासा उताणा तरंगला. एका टाकीत मातीच्या नळीत एक नर आपली अंडी राखत बसला होता. खाणंपिणं सोडून परांनी अंड्यांना वारा घालत होता. हेडविग त्याच्यासमोर बराच वेळ उकिडवी बसली. त्यानं तिचं काही वाकडं केलं नव्हतं. कुठल्याच माशानं केलं नव्हतं. हे तिला कळत होतं. अजून थांबता आलं असतं, वाटाणे घरात होते. ती उठली आणि हृदय चिरायला घेतलं.

आल्फोन्स परतला तेव्हा गालांवर लाली होती. बॅग दारातच टाकून तो तळघरात उतरला. हेडविग स्वयंपाकघरात बटाटे सोलत होती. खाली तिनं फ्रीजरमध्ये राखून ठेवलेले मेलेले मासे वर्तमानपत्रावर ओळीनं मांडून ठेवले होते, लहानापासून मोठ्यापर्यंत. एकतीस.

तो वर आला तो भिंत धरधरून.

"काय घातलंस?"

"हृदय."

"किती दिवस?"

"रोज."

"तुला माहीत होतं."

"मला सगळं माहीत असतं, आल्फोन्स. तूच शिकवलंस."

तो खुर्चीत बसला आणि हुंदके देऊन रडायला लागला. आईच्या मयतालाही तो रडला नव्हता. हेडविगनं आणखी एक बटाटा घेतला.

"तू वेडी आहेस," तो म्हणाला.

"ते तू टेमेला सांगितलंस ना. मी फक्त खरं करून दाखवलं."

आता तरी त्याची मान खाली जाईल म्हणून ती वाट बघत राहिली. त्यानं डोळे पुसले, तिच्याकडे पाहिलं, आणि हळूहळू त्याचा चेहरा निवळत गेला.

"बरं झालं," तो म्हणाला. "आता मला कुणाला काही पटवून द्यायला नको."

संध्याकाळच्या आत सगळं मंडळ तळघरात जमलं. वर्तमानपत्रावरच्या त्या ओळी बघून ब्रोमकाम्पनं टोपी काढली. एकेकजण आल्फोन्सच्या खांद्यावर हात ठेवत होता. इतकी वर्षं एका छपराखाली, माणसानं काढली कशी! हेडविग जिन्याच्या पायरीवर उभी राहून म्हणाली, "मी त्या इस्पितळात कधीच नव्हते. तो खोटं बोलला."

"हो हो, हेडविग," लहान मुलाशी बोलावं तसं ब्रोमकाम्प म्हणाला. "नव्हतीस हं तू."

दुसऱ्या दिवशी डॉक्टर आला आणि हेडविगला गोळ्या लिहून देऊन गेला. ती दिसली की रस्त्यातल्या बायका पोरांना हात धरून पलीकडे नेऊ लागल्या. आणि टेमे ट्राममध्ये ओळखीच्यांना सांगायचा म्हणे, मी थोडक्यात वाचलो.

त्याच घरात दोघं पुढे बारा वर्षं राहिली. आल्फोन्सनं तळघराला कुलूप घातलं, किल्ली गळ्यात अडकवली आणि त्या आजारातून शेवटी वाचलेल्या चार माशांपासून पुन्हा सुरुवात केली. वाटाण्यांची सालं तो स्वतः काढायचा, हातांना कंप सुटेपर्यंत. मग मासे मंडळाला देऊन टाकले. शेवटची तीन वर्षं नाकात प्राणवायूची नळी घालून तो पडूनच होता, आणि त्याचं सगळं हेडविगच करायची. दुसरं होतं कोण? ती सूप घेऊन आली की तो म्हणायचा, "आधी तू."

ती त्याच्यासमोर एक चमचा प्यायची. तो तिच्या घशाकडे बघत राहायचा, गिळते की नाही. मग भिंतीवरच्या घड्याळात पंधरा मिनिटं मोजायचा. तोवर सूप थंडगार व्हायचं, आणि ते थंडगार सूप तो दोन्ही वेळा प्यायचा, तीन वर्षं. पातेलं हातात धरवणार नाही इतकं कढत करून आणायला हेडविग कधी चुकली नाही. "छान झालंय," ओठ पुसत ती सांगायची. "गरमागरम."

दोन हजार सालच्या फेब्रुवारीत तो गेला. दफनानंतर चर्चच्या खोलीत कॉफी होती. हेडविगनं आदल्या दिवशी दोन मोठी ताटं भरून भुरभुरीत साखर-लोण्याचा केक भाजला होता. गिझेला ब्रोमकाम्पनं बेकरीतून विकतचा आणला. माणसं टेबलाशी येत, दोन्हींकडे बघत आणि विकतचा उचलत.

टेमे आला होता. काठी टेकत, कान आणखी मोठे दिसत होते. तो हेडविगसमोर थांबला आणि तिच्या ताटातला एक तुकडा त्यानं घेतला.

"ताजा आहे," ती म्हणाली.

"दिसतंय ना, बाई." त्यानं काट्यानं तुकड्याचा कोपरा मोडला, मग दुसरा मोडला, बशीभर चुरा केला आणि बशी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली. "डॉक्टरनं गोड बंद केलंय हो."

कोट चढवताना ब्रोमकाम्पनं त्याच्यापुढे बेकरीतल्या केकची थाळी धरली. टेमेनं त्यातला एक तुकडा उचलून तोंडात टाकला आणि चावत चावतच बाहेर पडला.

सगळे गेल्यावर हेडविगनं आपली दोन्ही ताटं एकावर एक ठेवली आणि निसरड्या बर्फातून, पावलं जपत, घरी नेली. टेबलाशी बसून तिनं एक तुकडा खाल्ला, मग दुसरा. लोणी तिनं हात सैल सोडून घातलं होतं, आणि केक खरोखरच चांगला झाला होता.