मोराच्या डोळ्याचं कार्ड

शरणप्पाचा मला राग यायचा, हे आधीच सांगून टाकतो. सोलापुरातल्या एका चादरीच्या कारखान्यात मी कारकून होतो आणि तो डिझाइनच्या खोलीचा राखणदार. आमच्या दोन खोल्यांत एक पातळ भिंत होती, तरी आठ वर्षांत आमच्यात कामापलीकडे दहा वाक्यंही झाली नसतील.

चादरीवरचा मोर मागाला कळतो तो भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डांवरून. एका आडव्या धाग्याला एक कार्ड, अशी शेकडो कार्डं दोरीत ओवून त्यांची गठडी होते. त्यातलं एखादं कुणी बदललं तर चादर बदलते, पण कुणी बदललं हे चादर सांगत नाही. शरणप्पानं त्यावर उपाय काढला होता. नवी गठडी घडी घालून दाबून धरायची आणि तिच्या कडेवर या टोकापासून त्या टोकापर्यंत पेन्सिलीची तिरपी रेघ ओढायची. मधलं एक कार्ड जरी बदललं, तरी रेघ तिथं तुटते. बदल करायचाच तर आधी त्याला विचारायचं. मग तो वहीत लिहिणार, कितवं कार्ड, काय बदललं, कुणी, कधी. नव्या कार्डाच्या कडेला लाल ठिपका. वहीत खाडाखोड चालत नसे. चुकलं तर खाली नवी नोंद.

सकाळी आल्या आल्या तो रॅकवरच्या रेघा बघत फिरायचा. मागवाले त्याला ‘रेघवाला’ म्हणायचे आणि तो आला की बोलणं थांबवायचे. घरी तरी कोण होतं? बायको कमलम्मा बहात्तर साली गेली, मूलबाळ नाही. दुपारचा भोंगा झाला की एकच माणूस त्याच्याकडे डबा घेऊन जायचा, कार्डं ओवणारा मायाप्पा. दोघं भाकरी आणि शेंगाचटणी खात कानडीत गप्पा मारायचे. मायाप्पा त्याला अण्णा म्हणायचा. त्या अर्ध्या तासात शरणप्पा हसायचा, ते मला भिंतीपलीकडून ऐकू यायचं. बाकी दिवसभर त्या खोलीतून पंख्याशिवाय काही ऐकू येत नसे.

शहात्तर साली मोराच्या चादरीची मागणी आली. ते डिझाइन चार वर्षं पडून होतं. शरणप्पानं गठडी खाली काढली, तर रेघ तुटलेली! मधलं एक कार्ड नव्या पुठ्ठ्याचं, त्यात तीन भोकं जास्तीची. लाल ठिपका नाही, वहीत नोंद नाही. आमची डिझाइनं त्या वर्षी बाहेर फुटत होती, त्यामुळं मालक आधीच तापलेले. गठडी शेवटची रॅकवर ठेवली होती मायाप्पानं. शरणप्पानं टाक उचलला आणि लिहिलं, ‘मायाप्पाने न विचारता कार्ड बदलले.’

ती वही मालकांच्या टेबलावर नेऊन ठेवली मी. तेवढं पाप माझंही आहे. मालकांनी विचारलं तेव्हा मायाप्पा मान खाली घालून उभा राहिला, हूं की चूं नाही. शरणप्पानं लिहिलंय म्हटल्यावर कुणी शंकाही घेतली नाही. संध्याकाळी मायाप्पाचा हिशेब झाला आणि तो मैंदर्गीला आपल्या गावी निघून गेला.

त्यानंतर दुपारी भोंगा झाला की शरणप्पा डबा उघडायचा आणि थोड्या वेळानं बंद करायचा. मला झाकणाचा आवाज यायचा. एकदा न राहवून मी माझा डबा घेऊन गेलो. “बसा की,” म्हणाला. मी माझा डबा संपवला, त्यानं आपल्या डब्याला झाकण लावलं. दुसऱ्या दिवशी मी गेलो नाही.

डिसेंबरात एक दिवस तो जुनी चादर काखेत घेऊन माझ्यापुढं उभा राहिला. थंडी वाढली म्हणून ट्रंकेतून काढली होती.

“कमलाकरराव, हे बगा.”

चादरीवरच्या मोराला डोळा नव्हता.

“कमलम्मा आजारी हुती तवा हीच पांघरायची. म्हनली, ह्याला डोळाच न्हाय की, आंधळा मोर कुटं बगून नाचंल? दुसऱ्या दिवशी मी तीन भोकं जास्तीची पाडून कार्ड केलं. तेवढ्यात दवाखान्यातनं निरोप आला.” तो खुर्चीत बसला. “मीच बदललंय. लिवायचं ऱ्हायलं. पार इसरून गेलो. आन तिनं तो डोळा बगितला बी न्हाय.”

चोर सोडून संन्याशाला सुळी दिली होती, आणि चोर तरी कुठं होता!

त्यानं वहीत जुन्या नोंदीखाली लिहिलं, ‘वरील बदल माझा आहे. मायाप्पाचा दोष नाही.’ मालकांनी वाचलं, “बरं” म्हणाले. मायाप्पाच्या जागी कधीच दुसरा माणूस आला होता.

रविवारी शरणप्पानं मला सोबत नेलं. एस्टीत मैंदर्गी येईपर्यंत तो वहीची पिशवी मांडीवर धरून होता. मायाप्पा अंगणात कडब्याच्या पेंढ्या रचत होता. शरणप्पा कानडीत काही म्हणाला. मायाप्पानं उत्तर दिलं ते मराठीत, परक्याशी बोलावं तसं.

“ठावं हाय मला. तुमीच दिलं की कार्ड. वैनी दवाखान्यात हुत्या. म्हनला, ओव, लिवायचं मी आल्यावर बगतो. मी ओवलं.”

“मग मालकापुढं बोलला का न्हाईस?” शरणप्पाही मराठीत आला.

“मालकापुढं तुमाला खोटं पाडू व्हय? मला तुमी इचारायचं हुतं. इतकी वर्सं एका जागी जेवलो. तुमी इचारलं न्हाय. लिवलं.”

शरणप्पानं पिशवीतून वही काढली, नवी नोंद उघडून पुढं धरली. मायाप्पाला वाचता येत नव्हतं. हे शरणप्पालाही माहीत होतं, पण त्याच्याकडं द्यायला दुसरं काही नव्हतं.

मायाप्पानं वहीकडं बघितलं, मग घोंगडं अंथरून आम्हाला बसवलं. घरातून चहा आणला. परत येतोस का म्हणून शरणप्पानं विचारलं, तर त्यानं नुसती नकारार्थी मान हलवली. शरणप्पाचा कप तसाच पुढं राहिला तेव्हा त्याला म्हणाला, “घ्या साहेब, गार हुईल.”

परतीच्या एस्टीत शरणप्पा खिडकीकडं तोंड करून बसला होता. अक्कलकोट आलं, माणसं उतरली, चढली. गाडी सुटल्यावर तो माझ्याकडं न बघता म्हणाला, “साहेब म्हनला हो मला.”