गोठ्यातली चूल

गोठ्यात चूल असते. हे कुणाला समजावून सांगावं लागेल असं मला कधी वाटलं नव्हतं. म्हैस व्यायली की तिला गरम पाणी लागतं, कण्या शिजवून घालाव्या लागतात, पावसाळ्यात डास हटवायला धूर करावा लागतो. आमच्याकडे नव्या गोठ्यात जनावरं बांधण्याआधी तीन दगड मांडतात, त्यावर दूध उतू घालवतात, मग दावी बांधतात. दगड तिथंच राहतात. ती चूल.

काकांना गोठा स्वतःच्या शेतात, म्हणजे गावठाणाबाहेर घालायचा होता. गावातलं घर तीन भावांत वाटलं गेलं होतं, अंगण रस्त्यात गेलं होतं, आणि दोन बैल नि एक म्हैस ओटीला खेटून उभी असायची. शेण रस्त्यावर पडलं की शेजारी भांडायला यायचे. चौक गावापासून कर्जतपर्यंत लोक शेतात गोठे न विचारता घालतात. काकाही घालणार होते. मी आडवी आले.

"परवानगी काढायची," मी म्हटलं. "आपण रीतसर वागायचं. उद्या कुणाला बोट दाखवायला जागा नको."

"गोठ्याला कसली परवानगी गं?" काका म्हणाले. "म्हशीला पण विचारून घे एकदा."

तेव्हा मी शेतजमिनीवरच्या बंगल्यांविरुद्ध पत्रकं वाटत होते. चौकातल्या झेरॉक्सच्या दुकानात ती निघायची आणि प्रत्येकाच्या तळाला ठळक अक्षरांत एक ओळ असायची : वाचल्याशिवाय सही करू नका. ती ओळ माझी. त्याच ताठ्यात मी काकांचा अर्ज लिहिला, नकाशा काढून घेतला, सातबारा जोडला. अर्ज पडून राहिला. चौथ्या-पाचव्या खेपेला कचेरीतले साहेब तोंडी म्हणाले, "उभा करून घ्या, पाहणी करून टाकू." म्हैस गाभण होती. काकांनी शिळफाट्यावरून पत्रे आणले आणि गोठा उभा केला.

म्हैस व्यायल्यानंतर, एका भर दुपारी साहेब पाहणीला आले. टेप लावून लांबी-रुंदी घेतली, पत्रे मोजले, निघायला वळले. तोवर काकीने चूल पेटवली होती.

"बसा तुमी. चा घेतल्याबिगर जायाचं नाय."

"नको काकी, उशीर झालाय."

"आमच्या म्हशीच्या दुधाचा हाय. पिशवीतला नाय."

साहेब हसले, पालथ्या घमेल्यावर टेकले. गवती चहा घातलेला तो चहा त्यांनी फुंकून फुंकून प्यायला.

"फक्कड झालाय. रोज इथंच करता?"

"मग! दिसभर हितंच असतो आमी."

"मुक्कामाला पण?"

"म्हस व्याली तवा आठ दिस हितंच पडलेलो. तिला काय एकटी टाकायची?"

"घरापरास हितं बरी झोप लागते म्हणती," काका म्हणाले. "तिथं माझं घोरणं ऐकू येतं ना."

सगळे हसले. मीही हसले. साहेबांनी कागदावर काहीतरी लिहिलं, मग आणखी एक कप घेतला.

पंच म्हणून गावातला एक म्हातारा होता आणि मी. साहेबांनी पंचनामा भराभर वाचून दाखवला. मी फोनवर मोर्चाच्या निरोपांना उत्तरं देत होते. "ताई, इथं," ते म्हणाले. मी सही केली.

पावसाआधी आदेश आला. बांधकामात चूल आढळली, अर्जदाराच्या पत्नीने तिथे राहत असल्याचं सांगितलं, सबब वापर निवासी आहे, शेतीपूरक नाही. अर्ज नामंजूर. बांधकाम स्वखर्चाने काढून घ्यावं, नाहीतर कचेरी काढेल.

मी आदेश घेऊन कचेरीत गेले. मोठ्याने बोलले, टेबलावर हात आपटला. साहेब शांत होते.

"चूल होती की नव्हती?"

"होती."

"मग मी खोटं काय लिहिलं? आणि ताई, खाली सही तुमचीच आहे."

काकांच्या बांधापलीकडे एक मंजूर झालेलं शेतघर आहे. मी माहितीच्या अधिकारात अर्ज करून त्याचे कागद मागवले. निळ्या फरशीचा पोहण्याचा तलाव नकाशात पाणी साठवण्याची टाकी आहे. काचेची भिंत असलेल्या स्वयंपाकघरावर लिहिलंय : खते व बियाणे. पंचनाम्यात चुलीचा उल्लेख नाही. नसणारच. तिथे पाहणीच्या दिवशी कुणी चहा केला नसेल. त्यांच्या माणसाला माहीत होतं काय दाखवायचं नसतं. आम्हाला माहीत नव्हतं, आणि मला तर माहीत असायला हवं होतं. दुसऱ्यांना तेच तर शिकवत फिरत होते मी.

अपील केलंय. तारखा पडताहेत. पण गावातल्या ओटीपुढे आता जनावरं बांधायला जागाच राहिली नव्हती. तिथे शेजाऱ्याने मोटारीसाठी शेड घातली होती. पाऊस तोंडावर. बैल काकांनी व्यापाऱ्याला दिले. म्हैस रेडकासकट काकीच्या माहेरी, कोंडाणे गावाकडे गेली. टेंपोत चढेना, तेव्हा काकी स्वतः आत जाऊन उभी राहिली, मग म्हैस चढली. पत्रे काकांनी स्वतः उतरवले. "दुसऱ्याचा हात कशाला लागायला हवा," एवढंच बोलले.

मी नवं पत्रक लिहिलं. त्यात एक ओळ होती : पाहणीला आलेल्यांना चहा करू नका. काकीला वाचून दाखवलं.

"असलं छापू नकोस," ती म्हणाली. "दारात आलेल्याला चा इचारायचा नाय, हे तू आमाला शिकवणार?"

"त्या चहामुळे गोठा गेला काकी."

"चा मी केला. लिवलं त्यानं. सही तू केलीस. चा का बंद करू मी?"

ती ओळ मी काढली.

जागा मोकळी केली का बघायला तेच साहेब पुन्हा आले. ऊन तसंच होतं. फोटो काढून झाल्यावर ते उभे राहिले, घाम पुसत. मी काकीकडे बघून मान हलवली, नको. ती विहिरीकडे गेली आणि तांब्या भरून आणला.

"घ्या. पानीच हाय. त्याला चूल लागत नाय."

साहेबांनी तांब्या घेतला. खाली बघत प्यायले.

पंचनामा लिहून त्यांनी माझ्यापुढे धरला. या वेळी मी फोन पिशवीत टाकला आणि एकेक ओळ वाचली. बांधकाम नाही. जनावरे नाहीत. चूल नाही. दोनदा वाचलं. सगळं खरं होतं. मी सही केली.